१६ आयपी, ११ ऑफिसं आणि मायक्रोटिकचा आरबी-५००९ राऊटर : आठ महिने वापरून लिहितोय

नारायण पेठेत आमची चार मजली बिल्डिंग आहे, खाली पॅथॉलॉजी लॅब, वर सीए, वकील, दोन डॉक्टर, आर्किटेक्ट, क्लासवाले धरून ११ ऑफिसं, आणि सगळ्यांत मिळून १०० एमबीपीएसची एकच लीज्ड लाईन. तिचं सगळं मी बघतो. आधी सगळी बिल्डिंग एकाच सपाट, काही विभागणी नसलेल्या नेटवर्कवर होती आणि त्याचा त्रास काय ते एकदा नीट कळलं, दुसऱ्या मजल्यावर कोणीतरी घरचा वायफाय राऊटर आणला आणि भिंतीतली वायर त्याच्या वॅन (बाहेरून नेट घेणाऱ्या) पोर्टऐवजी लॅन (आतल्या यंत्रांच्या) पोर्टात खुपसली. झालं. तो राऊटर सगळ्या बिल्डिंगला आपलेच आयपी, म्हणजे नेटवर्कवरचे पत्ते, वाटत सुटला, सकाळी दहा ते दुपारी एक कोणाचंच नेट चालेना, खाली लॅबमध्ये रिपोर्टसाठी लोक ताटकळत बसलेले.

तेव्हाच ठरवलं की प्रत्येक ऑफिसला वेगळा व्हीलॅन, म्हणजे त्याच वायरींवरचं वेगळं नेटवर्क, द्यायचा. पण प्रत्येकाला स्वतःचा पब्लिक आयपीपण (इंटरनेटवरून थेट गाठता येणारा पत्ता) हवा होता, कोणाचा कॅमेऱ्याचा डीव्हीआर, कोणाचं टॅली, लॅबचं रिपोर्टचं पोर्टल. प्रोव्हायडरकडून आम्हाला स्लॅश २८ मिळालाय, म्हणजे १६ पत्ते. आधी ज्यांना काम दिलं त्यांनी सरळ स्लॅश ३० चे तुकडे पाडले. आता हिशोब बघा, प्रत्येक तुकड्यात ४ पत्ते, त्यातला एक नेटवर्कचा, एक ब्रॉडकास्टचा (सगळ्यांना एकदम हाक मारायचा), एक गेटवेचा (बाहेर जायच्या दाराचा), ऑफिसच्या हातात उरतो एक. १६ पत्त्यांत फक्त ४ ऑफिसं! बाकी सात जणांसाठी अजून आयपी घ्या म्हणाले. आशिया पॅसिफिकसाठी आयपी वाटणाऱ्या रजिस्ट्रीकडचा आयपीव्ही४ चा (म्हणजे या जुन्या प्रकारच्या पत्त्यांचा) साठा २०११ मध्येच शेवटच्या ब्लॉकवर आला होता, अशा वस्तूचे १६ पैकी १२ नग नुसत्या कापाकापीत घालवायचे हे मला काही पटलं नाही.

यावरचा उपाय जुनाच आहे, आरएफसी ३०६९ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या पद्धती लिहून ठेवलेले कागद), २००१ सालचा. एक मोठा सुपर व्हीलॅन, त्याच्या पोटात प्रत्येक ग्राहकाचा सब व्हीलॅन, आणि सबनेट (पत्त्यांचा गट), गेटवे, ब्रॉडकास्ट सगळ्यांना मिळून एकच. मग १६ मधून नेटवर्क, ब्रॉडकास्ट आणि गेटवे एवढे तीनच जातात, १३ उरतात, म्हणजे ११ ऑफिसं बसून वर दोन शिल्लक. यासाठी मी आरबी-५००९ घेतला.

वस्तू म्हणून आधी सांगतो. सात गिगाबिट पोर्ट, एक अडीच गिगाबिटचा, एक १० गिगाबिटचा एसएफपी प्लस, एक जीबी रॅम. फॅन नाही, बाहेरची धातूची बॉडीच हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारी), त्यामुळे जिन्याखालच्या मीटरच्या खोलीत धूळ असली तरी आवाज नाही काही नाही, हात लावला की कोमट लागतो एवढंच. पॉवर तीन प्रकारे देता येते, आम्ही दोन जोडल्यात, एक यूपीएसवरून आणि एक पीओई स्विचवरून (तो नेटच्या वायरीतूनच वीज देतो).

आता सेटिंग. मायक्रोटिकमध्ये सुपर व्हीलॅन नावाचं बटण नाही, ते आपण जुळवायचं. मजल्यांवरच्या स्विचकडून येणाऱ्या ट्रंकवर (सगळे व्हीलॅन वाहणाऱ्या वायरीवर) १०१ ते १११ असे व्हीलॅन इंटरफेस केले, सगळे एका ब्रिजमध्ये (राऊटरच्या आतला सॉफ्टवेअरचा स्विच) घातले आणि सगळ्यांना होरायझन या सेटिंगचा एकच आकडा दिला. आकडा सारखा असला की ते पोर्ट एकमेकांकडे काहीच पाठवत नाहीत, फक्त राऊटरशी बोलतात. स्लॅश २८ चा गेटवे त्या ब्रिजवर, आयपी वाटणारा डीएचसीपी सर्व्हर तिथेच एक. ब्रिजचं आरएसटीपी (वायरींचं वेटोळं टाळणारी सोय) मात्र बंद ठेवा, नाहीतर त्याची पाकिटं (पॅकेट) व्हीलॅनच्या टॅगसकट स्विचकडे जातात आणि तिकडे गोंधळ होतो.

एवढं केल्यावर नेट सगळ्यांना मिळालं, पण दुसऱ्याच दिवशी लॅबच्या मॅडमचा फोन, "दादा, पोर्टल मोबाईल डेटावर उघडतंय हो, पण वरच्या डॉक्टरांच्या वायफायवर उघडतच नाहीये." यातच सगळी गंमत आहे. डॉक्टरांचा राऊटर मास्क (सबनेट केवढं ते सांगणारा आकडा) बघतो, त्याला वाटतं लॅब आपल्याच वायरवर आहे, म्हणून गेटवेला न विचारता थेट आर्पची हाक मारतो, म्हणजे हा आयपी कोणाच्या यंत्राचा ते विचारतो. लॅब वेगळ्या व्हीलॅनमध्ये, ती हाक तिथपर्यंत पोचतच नाही. ब्रिजवर आर्पच्या जागी लोकल प्रॉक्सी आर्प निवडलं, म्हणजे त्या हाकेला शेजाऱ्याच्या वतीने राऊटरच ओ देतो, आणि पोर्टल लगेच उघडलं. भिंतीतल्या पॉइंटला लॅपटॉप थेट लावून तीन-चार शेजाऱ्यांना पिंग केलं आणि आर्प टेबल काढलं, तर आयपी वेगवेगळे आणि सगळ्यांसमोर मॅक ॲड्रेस (यंत्राचा हार्डवेअरचा पत्ता) एकच, राऊटरचा. म्हणजे शेजाऱ्याची प्रत्येक गोष्ट आता राऊटरमधून जाते आणि कोणाला कोणाकडे जाऊ द्यायचं ते फायरवॉलमध्ये ठरवता येतं. आम्ही लॅबचं पोर्टल सोडून बाकी सगळं बंद ठेवलंय.

हे घेणाऱ्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या. होरायझन हे सॉफ्टवेअरचं काम आहे, हार्डवेअर ऑफलोड (काम स्विचच्या चिपवर सोपवणं) मिळत नाही, सगळं सीपीयूवर येतं. १०० एमबीपीएसला काहीच प्रश्न नाही, ऐन दुपारच्या गर्दीतही मला सीपीयू १० टक्क्यांच्या वर दिसला नाही, पण ऑफिसाऑफिसांत मोठ्या फायली फिरणार असतील तर प्रायव्हेट व्हीलॅन (अशीच विभागणी) हार्डवेअरमध्ये करणारा स्विच बघा. दुसरं, सबनेट एकच असल्यामुळे कोणीही हाताने शेजाऱ्याचा आयपी टाकू शकतो. आर्प रिप्लाय-ओन्ली (नोंद असलेल्या यंत्रांनाच उत्तर) ठेवून हे आवरता आलं असतं, पण त्या जागी आपण लोकल प्रॉक्सी आर्प निवडलेलं असतं, दोन्ही एकदम मिळत नाहीत. म्हणून मी ब्रिज फिल्टरमध्ये प्रत्येक व्हीलॅनला त्याचाच आयपी बांधून दिला, आयपीच्या पाकिटांसाठी एक नियम आणि आर्पसाठी एक. ११ ऑफिसांचे २२ नियम आणि शेवटी बाकी सगळं अडवणारे, विनबॉक्समध्ये (मायक्रोटिकच्या सेटिंगचं सॉफ्टवेअर) एका संध्याकाळचं काम आहे, पण ते टाळू नका, याच्याशिवाय ही रचना अर्धवट आहे.

साडेचार स्टार देतो, अर्धा कापला तो सगळं आपणच जुळवावं लागतं म्हणून. गेल्या महिन्यात क्लासवाल्यांकडे नवीन मुलाने परत राऊटरची वायर लॅन पोर्टात घातली. त्यांचं एकट्याचं नेट गेलं, बाकी दहा ऑफिसांना पत्ताही लागला नाही, मी संध्याकाळी जाऊन वायर बदलून आलो.