नेटरेक्स की ऑब्जेक्ट रेक्स?

मेनफ्रेमवर (मोठ्या संस्थांच्या मध्यवर्ती संगणकावर) वर्षानुवर्षं रेक्स या स्क्रिप्ट-भाषेत प्रोग्राम लिहिलेल्या एका मित्राने विचारलं, ऑब्जेक्ट (माहिती आणि तिच्यावरची कामं एकत्र बांधून प्रोग्राम लिहायची पद्धत) शिकायचेत, तर नेटरेक्सपासून सुरुवात करू की ऑब्जेक्ट रेक्सपासून? दोन्ही भाषांचं मूळ एकच, आयबीएममधल्या माइक काउलिशॉ यांची १९७९ची रेक्स. दोन्ही आज मुक्तस्रोत (ऑब्जेक्ट रेक्स 'ओपन ऑब्जेक्ट रेक्स' या नावाने), म्हणून खर्चाचा मुद्दा नाही.

मांडणी: ओपन ऑब्जेक्ट रेक्स एकदा बसवला की झालं. नेटरेक्सला आधी जावा (तो ज्यावर चालतो ती भाषा) हवं, मग जार फाइल (जावा प्रोग्रामची बांधलेली फाइल), मग क्लासपाथ (अशा फाइल कुठे शोधायच्या ते जावाला सांगणारी यादी). नवखे बहुतेक या क्लासपाथपाशीच अडतात. तो एकदा नीट लावा, पुढे त्रास नाही.

जुना कोड: इथे खरा फरक आहे. ऑब्जेक्ट रेक्समध्ये जुने प्रोग्राम बहुतेक जसेच्या तसे चालतात. नेटरेक्समध्ये ते पुन्हा लिहावे लागतात: स्टेमऐवजी (रेक्समधल्या यादीसारख्या व्हेरिएबलऐवजी) अनुक्रमित स्ट्रिंग, फंक्शनऐवजी मेथड (ऑब्जेक्टला जोडलेलं फंक्शन). 'पार्स' (मजकुराचे तुकडे करणारी आज्ञा) आणि 'से' (मजकूर दाखवणारी) मात्र जवळपास तेच. ०.१ अधिक ०.२ दोन्हीकडे नेमकं ०.३ येतं (बऱ्याच भाषांत यात बारीक चूक राहते), आणि हिशेबाच्या कामात मला हे फार मोलाचं वाटतं.

वेग आणि लायब्ररी (तयार कोडचे संच): नेटरेक्स कंपाइल होऊन जावाचा बाइटकोड (जावा थेट चालवतो तो कोड) बनतो, त्यामुळे जावाच्या सगळ्या क्लास (ऑब्जेक्टचे साचे) थेट हाताशी येतात. टाइप (व्हेरिएबलमध्ये कोणत्या प्रकारची माहिती असेल ते) जाहीर केले तर चुका कंपाइल करतानाच पकडल्या जातात. ऑब्जेक्ट रेक्स इंटरप्रिटेड आहे, म्हणजे आधी कंपाइल न करता थेट चालतो. छोट्या स्क्रिप्टला तेच सोयीचं.

जुन्या स्क्रिप्ट सांभाळत हळूहळू क्लास शिकायच्या असतील तर ऑब्जेक्ट रेक्स घ्या. कोरं काम असेल, आसपास जावा असेल, तर नेटरेक्स. मित्राला मी ऑब्जेक्ट रेक्सच सुचवलं, कारण त्याच्याकडे जुना कोड ढीगभर आहे.