लातूरच्या गोलाईत मिळालं मारुती आठशेचं पॅकिंग

आमची मारुती आठशे १९९८ची, कार्बोरेटरवाली. वडिलांनी घेतलेली. आता उदगीरहून शाळेच्या गावाला रोज मीच नेते. दिवाळीनंतर सकाळी चालू केली की बॉनेटखालून चट-चट-चट, आणि गाडी तापली की गप्प. एका मेकॅनिकने टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हजवळची फट, सेट करून चारशे रुपये घेतले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, वर गाडीत धुराचा वास.

शेवटी मामेभावाने थंडगार इंजिन चालू करून मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या, जोडावर साबणाचं पाणी शिंपडलं. भसाभस फुगे! इंजिनच्या हेडला मॅनिफोल्ड बसतं तिथलं पॅकिंग, म्हणजे जोडातून धूर सुटू नये म्हणून मध्ये घातलेली पट्टी, जळालं होतं, शेजारी काजळीचा काळा पट्टा. गाडी थंड असताना फट उघडी राहते, तापल्यावर लोखंड फुगलं की मिटते, म्हणून आवाज जायचा. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नसतो, तेव्हा बाकीच्या धुराचा वास आला हे आमचं नशीबच.

मग शोध सुरू. उदगीरमध्ये दोन दुकानांत "आठशेचं आता कोण ठेवतं ताई" एवढंच ऐकलं, तेही माझ्याकडे न बघता, भावाकडे बघून. गाडी माझी, पण उत्तर त्याला. ऑनलाइन तीनशे दहा रुपयांना मागवलं तर आलेल्या तुकड्याची भोकंच जुळेनात. आठशेत दोन इंजिनं आली: जुनं सहा व्हॉल्व्हचं आणि नंतर पाच गिअरच्या गाडीतलं बारा व्हॉल्व्हचं. पाकिटावर नुसतंच ‘८००’.

गाडी खोलूनच ठेवलेली, म्हणून एसटीने लातूर गाठलं. गंजगोलाई या गोल बाजारचौकातून सोळा रस्ते फुटतात, त्यातल्या एका रस्त्यावर आत गाड्यांच्या सुट्या भागांचं हे दुकान आहे. पाटीवरचं नाव उडून गेलंय, ‘मारुती-फियाट’ तेवढं वाचता येतं. आत छतापर्यंत खोकी आणि मध्ये स्टुलावर दुकानदार चाचा.

चाचांचा पहिला प्रश्न: "कार्बोरेटर है या इंजेक्शन? पुराना पीस लाए क्या, बेटा?"

जळकं पॅकिंग मी वर्तमानपत्रात गुंडाळून नेलं होतंच. त्यांनी ते नव्यावर ठेवलं, दाराकडे नेऊन उजेडात धरलं, एकेक भोक बघितलं. पहिला तुकडा स्वतःच बाजूला टाकला, दुसरा दिला. ओम्नीच्या पाकिटातला होता! मी बावचळले, तर म्हणाले, ओम्नीचं आणि या जुन्या आठशेचं इंजिन एकच आहे, ७९६ सीसीचं. खालच्या पाइपच्या जोडाचं पॅकिंगही घ्यायला लावलं, कारण खोललं की जुनं परत धरत नाही. दोन्हींचे मिळून दोनशे तीस.

वर फुकटचा सल्ला: सिलिकॉन अजिबात फासायचं नाही, तिथल्या उष्णतेत ते जळून जातं. दोन्ही बाजू खरवडून साफ करायच्या, मॅनिफोल्डवर पोलादी पट्टी आडवी धरून ते वाकलंय का बघायचं, नट मधून बाहेरच्या बाजूला थोडे थोडे आवळायचे. गाडी एकदा तापून थंड झाली की नटांवर पुन्हा एकदा पाना फिरवायचा. भावाने तसंच केलं. एक स्टड, म्हणजे मॅनिफोल्ड धरणारा बोल्ट, मात्र गंजून मोडला, त्याला ड्रिल मारण्यात अर्धा दिवस गेला. त्यात चाचांचा काय दोष! पण निघताना त्यांनी "स्टड भी ले जाओ" म्हटलं होतं आणि मी पंचवीस रुपये वाचवले होते.

तीन महिने झाले, आवाज नाही, वास नाही.

तक्रारी आहेतच. बिल मागितल्याशिवाय देत नाहीत, आणि देतात ते वहीच्या कागदावर. माल परत घेत नाहीत. फोनवर "है क्या" विचारलं की "आके देखो" एवढंच. आणि शुक्रवारी दुपारी जाऊ नका, नमाजासाठी शटर खाली असतं. मी नेमकी शुक्रवारीच पोचले होते. समोरच्या रसवंतीवर तासभर बसून दोन ग्लास रस प्यायले.