ब्रिज मास्टर : डमीकडं जायची वाट शिकवणारा खडूस मास्तर

पारावर हाक मारली की मेंढीकोटाला चार गडी जमतात, ब्रिजला दुसराही मिळत नाही. विदर्भातल्या खेड्यात ब्रिज शिकायचं तर ब्रिज बेस ऑनलाइन या वेबसाइटवरचा 'ब्रिज मास्टर' हा सरावाचा प्रोग्राम बरा. फुकट आहे, एकट्यानं खेळायचा, बोली (किती हात करायचे, हुकूम कोणता, हे ठरवणं) आधीच लागलेली. आपण फक्त डिक्लेअरर, म्हणजे आपली आणि डमीची (जोडीदाराची उघडी मांडलेली) पानं खेळणारा. पातळ्या 5.

डाव मुद्दाम असे बांधलेत, की चुकीची वाट धरली की प्रतिस्पर्ध्यांची पानं आडवी येतातच. नशिबानं सुटका नाही. एन्ट्री, म्हणजे हात जिंकून त्या बाजूला पोचवणारं पान, सांभाळायची सवय यानं लागते ती अशी :

थ्री नो ट्रम्प, म्हणजे हुकूम नाही, 9 हात हवेत. डमीत इस्पिक राजा-तिर्री आणि चौकट राणी-गुलाम-दश्शी-नव्वी-पंजी, बाकी कामाचं काही नाही. आपल्याकडं इस्पिक एक्का-छक्की, चौकट राजा-चव्वी, शिवाय बदाम एक्का-राजा आणि किलवर एक्का. उतारी इस्पिक राणीची. हात डमीच्या राजानं घेतला की मेलात! चौकट राजावर प्रतिस्पर्धी एक्का दाबून ठेवतो, दुसऱ्या चौकटीला मारतो, इस्पिक परत खेळतो. एक्का तुमच्या हातात, चौकटी डमीत अडकलेल्या, पक्के हात 6. पहिला हात एक्क्यानं घेतला असता तर इस्पिक राजा शिल्लक राहून चौकटीचे 4 हात मिळून 9 पुरे झाले असते.

दुसरी खोड बारक्या पानांची. एका रंगात डमीकडं एक्का-राजा-राणी-पंजी-तिर्री, दुसरी एन्ट्री नाही; आपल्याकडं दश्शी-नव्वी-अठ्ठी-दुर्री. मोठ्या तीन पानांखाली दश्शी, नव्वी, अठ्ठी टाकायची. दुर्री आधी टाकली तर चौथ्या फेरीत डमीची पंजी आपल्याच दश्शीखाली जाते आणि तिर्री तिकडं लटकते. बाहेरची चार पानं 3-1 किंवा 2-2 असली तर एक हात फुकट गेला.

उणं काय? समजावणी इंग्रजीत, आणि बोली बदलता येत नाही, त्यामुळे बोलीचा सराव इथं होत नाही. पहिली पातळी मेंढीकोटवाल्यालाही झेपेल, कारण हुकूम नि उतारी माहीतच असते. चौथी-पाचवी घाईनं उघडू नये, नुसती चिडचिड होते.

डाव उघडला की लगेच पान टाकू नका. डमीची आणि आपली 26 पानं खऱ्या कॅटमधून काढून सतरंजीवर मांडा, दोन्हीकडच्या एन्ट्री मोजा, मग पहिल्या हाताला हात लावा. लाइट गेली तरी मांडलेला डाव तसाच राहतो.