सीएल-४१५ : पाणी उचलणाऱ्या विमानाचे मराठवाड्याच्या मापाने परीक्षण

ग्रीस, इटली किंवा फ्रान्समध्ये उन्हाळी वणवे पेटले की समुद्राच्या पाण्याला पोट लावून धावणाऱ्या आणि क्षणात पुन्हा वर उठणाऱ्या पिवळ्या-लाल विमानाच्या चित्रफिती आपल्याकडच्या मोबाइलवरही फिरू लागतात. पुढे फेब्रुवारी-मार्चमध्ये गौताळ्याच्या किंवा बालाघाटाच्या उतारावर धुराची रेघ दिसली की "असले विमान आपल्याकडे का नाही?" हा प्रश्न हमखास विचारला जातो. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर देशाभिमानाने किंवा सरकारला दोष देऊन मिळणार नाही, म्हणून येथे या विमानाचे परीक्षण एखाद्या गिऱ्हाइकाने शेतीचे अवजार पारखावे तसे केले आहे. ते अर्थातच चालवून पाहिलेले नाही. निर्मात्याने जाहीर केलेले आकडे, विमानाची आजवरची कामगिरी आणि आपल्या धरणांपासून आपल्या जंगलांपर्यंतची अंतरे एवढ्याच गोष्टींचा आधार घेतला आहे.

या विमानाचे मूळ कॅनडातील कॅनडेअर कंपनीचे सीएल-२१५. ऑक्टोबर १९६७ मध्ये पहिल्यांदा उडालेले हे विमान प्रवासी किंवा लष्करी सांगाड्यात टाक्या बसवून बनवलेले नव्हते. वणव्यावर पाणी टाकणे हेच काम समोर ठेवून ते आखले गेले होते. १९९० पर्यंत अशी १२५ विमाने तयार झाली. जुन्या पिस्टन इंजिनांच्या जागी टर्बोप्रॉप (टर्बाइनच्या जोरावर पंखा फिरवणारी) इंजिने घेऊन आलेले सीएल-४१५ डिसेंबर १९९३ मध्ये उडाले आणि २०१५ मध्ये कॅनडेअरची नवी मालक बॉम्बार्डिए कंपनीने उत्पादन थांबवेपर्यंत त्याची ९५ विमाने बाहेर पडली. पुढचा नमुना डीएचसी-५१५ या नावाने डी हॅविलंड कॅनडा ही कंपनी बनवत आहे.

विमानाची खरी करामत पाणी भरण्यात आहे. विमान जलाशयावर उतरते, पण थांबत नाही. ताशी सुमारे १३० किलोमीटर वेगाने ते पाण्याच्या पृष्ठभागावरून धावत असते, तेव्हा पोटाखालची दोन लहान मुखे खाली येतात आणि वेगाच्या जोरावरच पाणी आत घुसून चार टाक्या भरतात. पंप नाही, मोटर नाही. जेमतेम १२ सेकंदांत ६,१३७ लिटर पाणी, म्हणजे सहा टनांहून अधिक वजन, विमानात येते. तेवढ्या वेळात वैमानिकाला वाढत्या वजनानुसार इंजिनांचा जोर वाढवत न्यायचा असतो आणि लगेच पुन्हा हवेत उठायचे असते. (जलाशयात पोहणारा माणूस विमानाने गिळून जंगलात टाकला, ही जगभर सांगितली जाणारी गोष्ट खोटी आहे; त्या मुखांतून माणूस आत जाणे शक्यच नाही.) पाण्यात आवश्यक तेवढा फेस आणणारे रसायन विमानातच मिसळता येते आणि चारही टाक्यांची दारे एकदम किंवा एकामागून एक उघडता येतात. पाणी झाडांच्या शेंड्यांपासून फार उंचावरून सोडले तर त्याचे तुषार होऊन वाऱ्यावर जातात आणि फार खालून सोडले तर फांद्या मोडतात. या दोहोंमधली उंची धुरात, डोंगराच्या कडेने आणि उलटसुलट वाऱ्यात सांभाळणे हे सर्वस्वी वैमानिकाचे कसब आहे.

या यंत्राची किंमत वसूल होते ती खेपांच्या संख्येत. आग आणि पाणी यांच्यात ११ किलोमीटर अंतर असेल तर तासाला नऊ खेपा, म्हणजे सुमारे ५५ हजार लिटर पाणी, एक विमान टाकू शकते. दोन विमाने जोडीने फिरू लागली की आगीच्या एका बाजूला पाण्याचा मारा जवळजवळ अखंड राहतो आणि जमिनीवरच्या पथकांना पुढे सरकायला वाव मिळतो. पाणी टाकून विमान आग विझवत नाही, ते आगीचा जोर मोडते. विझवण्याचे काम शेवटी जमिनीवरच होते. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर किंवा ग्रीसच्या बेटांवर डोंगर थेट समुद्रात उतरतात, त्यामुळे तेथे अकरा किलोमीटर हे अंतर मोठे मानावे लागते. त्या भूगोलासाठी याहून चांगले यंत्र अजून कोणी बनवलेले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता हेच गणित आपल्याकडे मांडून पाहू. मराठवाड्यातील सर्वांत मोठे पाणी म्हणजे पैठणचा नाथसागर. लांबी सुमारे ५५ किलोमीटर, रुंदी जास्तीत जास्त २७ किलोमीटर. विमानाला धावायला जागा हवी तेवढी. परंतु वणव्यांची चिंता जेथे खरी आहे ते गौताळा-औट्रमघाट अभयारण्य कन्नडच्या पलीकडे, अजिंठा-सातमाळा रांगेत आहे आणि नाथसागराच्या जवळच्या टोकापासूनही ते हवाई मार्गाने सुमारे ऐंशी किलोमीटर दूर आहे. विमानाचा वेग ताशी सुमारे ३३० किलोमीटर धरला तर जाण्यास पंधरा मिनिटे, येण्यास पंधरा मिनिटे, त्याशिवाय पाणी भरणे आणि आगीवर नेम धरून घिरटी घालणे; म्हणजे एका खेपेस पस्तीस मिनिटे. तासाभरात पडणारे पाणी दहा-साडेदहा हजार लिटर. उन्हाळ्यात आपल्या गावात येणारा पाण्याचा टँकर साधारण तेवढाच असतो. तासाला एक टँकर पाणी टाकण्यासाठी दोन टर्बोप्रॉप इंजिने जाळायची का, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःला विचारावा. गौताळ्याला गिरणा धरण जवळ पडते, जेमतेम पन्नास किलोमीटर, पण ते नाशिक जिल्ह्यात आहे, आणि पाण्याच्या बाबतीत जिल्ह्याची हद्द ओलांडणे आपल्याकडे किती सोपे असते हे जायकवाडीच्या वरच्या धरणांमधून पाणी सोडण्याचा वाद दरवर्षी वाचणाऱ्यांना सांगायला नको.

या हिशेबात बसणारी एक जागा मात्र आहे. धाराशिव जिल्ह्यातील येडशी-रामलिंग घाट अभयारण्य आणि धनेगावचे मांजरा धरण यांच्यातील अंतर तीसेक किलोमीटर आहे. तेथे तासाला चार खेपा, म्हणजे चोवीस हजार लिटरपर्यंत पाणी टाकता येईल. अडचण अशी की वणव्याचा हंगाम फेब्रुवारीच्या मध्यापासून पावसाळ्यापर्यंत असतो आणि नेमक्या त्याच महिन्यांत मांजरा आटत जाते. एप्रिल २०१६ मध्ये याच धरणातला उपयुक्त साठा संपला होता आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. त्या पहिल्या गाडीने आणलेले पाच लाख लिटर पाणी म्हणजे या विमानाच्या एक्याऐंशी खेपा. अशा वर्षी डोंगरावरच्या गवतासाठी धरणातून पाणी उचलायला परवानगी द्यायची कोणी, आणि ती कोणत्या तोंडाने मागायची?

पाणी भरपूर असले तरी ते विमानाला चालेलच असे नाही. खोली दोन मीटरच्या आसपास असणे आवश्यक असते आणि त्या संपूर्ण पट्ट्यात पाण्याखाली काहीही असता कामा नये. नाथसागर विस्ताराने प्रचंड असला तरी उथळ आहे. उन्हाळ्यात काठ मागे सरकला की उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेर होते, शेतकऱ्यांच्या विद्युतपंपांचे पाइप आत-आत ओढले जातात, मासेमारांची जाळी आणि थर्माकोलचे तराफे जागा बदलत राहतात. धरणात गेलेल्या गावांचे जुने बांधकाम पाणी उतरल्यावर कोठे डोके वर काढील याचा नेम नसतो. ताशी १३० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या विमानाच्या पोटाला एखादा खुंट लागला तर काय होईल हे सांगायला विमानशास्त्र लागत नाही. त्यात हा जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. रोहित पक्ष्यांचे थवे उठवत रोज पंधरा-वीस वेळा विमान घुसवणे पक्ष्यांच्या आणि वैमानिकांच्या, दोघांच्याही हिताचे नाही.

उष्णतेचा मुद्दा सहसा कोणी बोलत नाही. भूमध्य समुद्रावर विमान समुद्रसपाटीवरून उठते. नाथसागर भरलेला असताना त्याची पातळी १५२२ फूट असते आणि एप्रिल-मे महिन्यांत दुपारी तापमान चाळीस अंशांच्या वर जाते. तापलेली आणि उंचावरची हवा विरळ असते, त्यामुळे पंखांना उचल कमी मिळते आणि इंजिनांचा जोरही घटतो. टाक्या पूर्ण न भरता उठणे हा त्यावरचा उपाय, पण मग वर मांडलेला तासाला एक टँकर हा हिशेब आणखी खाली येतो.

याहून महत्त्वाची गोष्ट आपल्या वणव्याच्या स्वभावाची. भूमध्य प्रदेशातील पाइनच्या झाडांत राळ असते. तेथे आग शेंड्यांवरून शेंड्यांवर धावते आणि तिच्याजवळ माणूस जाऊ शकत नाही. मराठवाड्यातील जंगल पानझडीचे, विरळ आणि गवताळ आहे. आग जमिनीवरून, वाळलेल्या गवतातून आणि पाचोळ्यातून सरकते; ज्वाळा बहुधा गुडघ्याच्या किंवा कमरेच्या उंचीच्या असतात. ती सुरू होते ती बांध पेटवताना, उसाचे पाचट जाळताना, नवे गवत लवकर फुटावे म्हणून, किंवा रस्त्याकडेला फेकलेल्या विडीने. पुष्कळदा ती संध्याकाळी किंवा रात्री दिसते, आणि रात्री हे विमान जलाशयावरून पाणी भरत नाही. चिकलठाणा किंवा नांदेडच्या धावपट्टीवरून ते उठेपर्यंत उताराचे गवत जळून गेलेले असते.

किमतीबद्दल थोडक्यात. डीएचसी-५१५ साठी युरोपीय देश एका विमानामागे सुमारे ५ कोटी युरो मोजत आहेत, म्हणजे रुपयांत साडेचारशे कोटींच्या पुढे. शिवाय त्या देशांच्या मागण्या आधीच रांगेत आहेत. वैमानिकांचे खास प्रशिक्षण, देखभाल आणि वर्षातील आठ महिने उभे राहणारे यंत्र हा खर्च वेगळा. कामातला धोकाही थोडा नाही. जुलै २०२३ मध्ये ग्रीसच्या एव्हिया बेटावर आग विझवताना जुने सीएल-२१५ कोसळून दोन्ही वैमानिक गेले. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या वणव्यावर काम करणाऱ्या सीएल-४१५ च्या पंखाला एका हौशी माणसाच्या ड्रोनने भोक पाडले आणि ऐन गरजेच्या वेळी ते विमान काही दिवस जमिनीवर बसले. आपल्याकडे लग्नापासून जत्रेपर्यंत ड्रोन उडतात, हे लक्षात घ्यावे.

याच वर्गातील इतर विमानांनी आपला प्रश्न सुटत नाही. रशियाचे बेरियेव्ह बी-२०० जेट इंजिनांचे असून १२ टन पाणी घेते, पण त्याला जलाशयही तेवढाच मोठा आणि मोकळा लागतो. एअर ट्रॅक्टर कंपनीचे एकाच इंजिनाचे, तराफ्यांवर उतरणारे फायर बॉस सुमारे तीन हजार लिटर उचलते आणि बरेच स्वस्त पडते. अंतराचे गणित त्यालाही चुकत नाही.

भारतात प्रत्यक्ष वापरात असलेला पर्याय म्हणजे हवाई दलाचे एमआय-१७ हेलिकॉप्टर आणि त्याखाली लोंबणारी बांबी बकेट. साधारण साडेतीन हजार लिटरची ही बादली २०१९ मध्ये बांदीपूरला, २०२२ मध्ये सरिस्काला आणि २०२४ मध्ये नैनिताल परिसरात वापरली गेली. नैनितालला पाणी भीमतालमधून उचलले होते. हेलिकॉप्टरला पाण्यावर धावावे लागत नाही, एका जागी थांबून ते बादली बुडवते, त्यामुळे मोठ्या पाझर तलावातूनही पाणी घेता येते आणि आपल्या डोंगरांजवळ असे तलाव पुष्कळ आहेत. (प्लास्टिकचे अस्तर असलेल्या शेततळ्यावर मात्र हा प्रयोग न केलेला बरा.) लहान खेप, पण जवळचे पाणी, विमानापेक्षा हे आपल्याला अधिक परवडणारे आहे, आणि ते मागणी केल्यावर येते, विकत घ्यावे लागत नाही.

तरीही माझी पहिली पसंती पाठीवरच्या ब्लोअरला आहे. पेट्रोलवर चालणारे हे यंत्र आगीच्या पुढचा पाचोळा उडवून मोकळी पट्टी तयार करते, आणि ज्वाळा लहान असतील तर त्यांच्या कडेवर जोराचा झोत मारून आग जळालेल्या बाजूकडे परतवता येते. पाणी एक थेंबही लागत नाही, आणि मराठवाड्यात हा गुण छोटा नाही. पळसाच्या किंवा निरगुडीच्या डहाळ्यांनी गवत झोडपत धुरात उभे राहणाऱ्या वनमजुरांचे कष्ट त्याने बरेच कमी होतात. दोष आहेतच: इंजिन पाठीवर तापते, आवाजाने शेजारच्याची हाक ऐकू येत नाही, उभ्या चढावर दहा-बारा किलोचे ओझे नकोसे होते, इंधन संपल्यावर डबा आणायला कोणाला तरी खाली पळावे लागते, आणि नवख्या माणसाच्या हातात तो झोत निखारे पुढच्या गवतात उडवू शकतो. म्हणून ब्लोअर घेताना कानाचे संरक्षण, डोळ्यांचा चष्मा आणि सराव यांचा खर्च त्यातच धरावा, आणि हंगाम लागण्याआधी जाळरेषा (आग अडावी म्हणून गवत-पाचोळा काढून मोकळे केलेले पट्टे) काढून झालेल्या असाव्यात. जाळरेषा नसलेल्या डोंगरावर ब्लोअरही धावपळच करतो.

राज्याने कधी इतर राज्यांच्या भागीदारीत एखादे पाणी उचलणारे विमान घेतलेच, तर त्याचा तळ मराठवाड्यात असावा असा आग्रह मी धरणार नाही. मात्र मांजरा, इसापूर आणि येलदरी या जलाशयांमध्ये कोणत्या पातळीपर्यंत धावण्याचा पट्टा सुरक्षित राहतो, पाण्याखाली काय आहे आणि कोणत्या पातळीखाली पाणी उचलण्यास बंदी असेल, हे जलसंपदा आणि वन विभागाने आधी मोजून लिहून ठेवावे. त्या नोंदी बांबी बकेट घेऊन येणाऱ्या हेलिकॉप्टरलाही उपयोगी पडतील.