मोठ्या संख्यांच्या अवयवांसाठी कॅसिओ एफएक्स-991ईएक्स

जुळे सोलापुरात आठवी ते दहावीच्या मुलांना गणित शिकवताना मोठ्या संख्यांचे मूळ अवयव वारंवार काढावे लागतात, त्यासाठी नवी पेठेतून हा कॅलक्युलेटर घेतला. पडदा स्पष्ट आहे, कळा मऊ आहेत. येथे विचार करायचा आहे तो ‘फॅक्ट’ या एकाच सोयीचा.

संख्या टाकून बरोबरचे चिन्ह दाबावे, नंतर शिफ्ट आणि अंश-मिनिटांची कळ दाबावी, की अवयव समोर येतात. आपल्या शहराचा पिनकोड 413001 दिल्यास 3²×109×421 हे उत्तर मिळते. पुढचे वर्गीकरण यंत्र करत नाही, आणि ते मुलांकडेच राहते हे मला योग्य वाटते. या संख्येला 12 विभाजक आहेत. स्वतः संख्या वगळता उरलेल्यांची बेरीज 190459, म्हणजे संख्येहून कमी भरते, म्हणून ही न्यून संख्या. अंकांच्या बेरजेने, म्हणजे 9 ने, तिला निःशेष भाग जातो, म्हणून देवळालीचे गणितज्ञ द. रा. कापरेकर यांच्या व्याख्येप्रमाणे ती हर्षद संख्याही ठरते. मात्र त्यांच्या स्वयंभू संख्यांत, म्हणजे कोणत्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून तयार न होणाऱ्या संख्यांत, ती बसत नाही, कारण 412974 मध्ये त्याच्याच अंकांची बेरीज 27 मिळवली की 413001 तयार होते.

माहितीपुस्तिकेत या सोयीची मर्यादा स्वच्छ दिली आहे : संख्या जास्तीत जास्त दहा अंकी असावी, एखादा मूळ अवयव 1018081 किंवा त्याहून मोठा असल्यास, अथवा तीनपेक्षा जास्त अंकांचे दोन अवयव असल्यास तेवढा भाग कंसात राहतो. 1018081 हा आकडा मनमानी नाही. सर्वांत लहान चार अंकी मूळ संख्या 1009, आणि तिचा हा वर्ग. 997 पर्यंतच्या कोणत्याही मूळ संख्येने भाग न जाणारी, पण या वर्गाहून लहान असलेली उरलेली संख्या मूळच असणार, हे तत्त्व वर्गात शिकवायला ही मर्यादा फार उपयोगी पडते.

परंतु कंसातील संख्या मूळ आहे की संयुक्त, हे पडद्यावरून कळत नाही. 1234567890 चे उत्तर 2×3²×5×(13717421) असे येते. हा कंस 3607×3803 असा फुटतो. उलट 2³²+1, म्हणजे 4294967297, दिल्यास 641×(6700417) येते आणि तेथील कंस मूळ संख्येचा असतो. दोन्ही कंस दिसायला सारखेच, त्यामुळे कंस म्हणजे ‘पुढे फुटत नाही’ असा समज मुलांनी करून घेऊ नये, हे आधीच सांगावे.

दुसऱ्या उदाहरणाचा निकाल मात्र याच यंत्रावर लावता येतो. 641 हा अवयव गणितज्ञ ऑयलरने 1732 मध्ये दाखवला. 2³²+1 चा प्रत्येक मूळ अवयव 64क+1 या रूपाचा असतो (क ही पूर्ण संख्या). 997 पर्यंतच्या मूळ संख्या यंत्राने आधीच तपासलेल्या आणि 6700417 चे वर्गमूळ 2589 च्या आत असल्याने क च्या 16 ते 40 एवढ्याच किमती तपासायच्या उरतात. टेबल मोडमध्ये 6700417÷(64x+1) भरून तक्ता काढावा. पंचवीसपैकी एकाही ओळीत पूर्णांक येत नाही, म्हणून 6700417 मूळ ठरते.