मिलवॉकीत सहा महिने: राहून, चालून, एकदा पडून लिहिलेला अनुभव

आधीच सांगते, हे दोन दिवसांत शहर "कव्हर" करणाऱ्यांसाठी नाही. तसे लोक शिकागोला येतात, तिथून दीड तासाच्या ट्रेनने सकाळी मिलवॉकीला, म्युझियमसमोर फोटो, चीज खरेदी, संध्याकाळी परत, आणि मग म्हणतात काही विशेष नाही हो. त्यांचंही बरोबरच आहे, दोन दिवसांत खरंच काही विशेष नाही. आम्ही दोघं सप्टेंबरच्या मध्याला गेलो आणि मार्चच्या मध्याला परत आलो, म्हणजे व्हिसावर मिळतात तेवढे सहा महिने पुरेपूर वापरले. लेक आणि जावई तिथे राहतात, शहराच्या दक्षिणेला बे व्ह्यू म्हणून भाग आहे तिथे, तळ्यापासून चालत दहा मिनिटं.

तळं म्हणायचं पण जीभ वळत नाही. आम्ही रत्नागिरीचे, तळं म्हटलं की देवळामागचं. मिशिगन लेकचा समोरचा किनारा दिसतच नाही, लाटा येतात, बोटी जातात, दीपगृहसुद्धा आहे. पहिल्या दिवशी आमच्या ह्यांनी खाली जाऊन ओंजळीत पाणी घेतलं आणि चाखून बघितलं. गोडं! मग म्हणाले, समुद्राचं सोंग आहे हे. नंतर नंतर फरक कळत गेले. वास नाही, म्हणजे तो खारट कुबट वास, ज्याने आपल्याला कळतं आता भाट्याचा पूल आला, तो नाहीच. डोळ्यांना कळावी अशी भरती-ओहोटी नाही, त्यामुळे किनारा सकाळी जिथे असतो तिथेच संध्याकाळी. आणि सगळ्यात मोठी गंमत म्हणजे सूर्य पाण्यातून वर येतो. जन्मभर मी सूर्य पाण्यात बुडताना बघितला, इथे शहर पश्चिम काठावर असल्याने सगळं उलटं, पहिले पंधरा दिवस मला दिशाच लागेनात, घराचं दार पूर्वेला की पश्चिमेला यावर आमचे वाद व्हायचे.

वाळूत बारीक बारीक शिंपले पडलेले असतात, नखाएवढे. मला वाटलं तिसऱ्यांची पिल्लं. जावई म्हणाला आई ते क्वागा मसल्स, परदेशी जहाजांच्या पोटातल्या पाण्यातून आलेत, तळ्याच्या तळाशी पसरलेत आणि पाणी गाळून गाळून इतकं स्वच्छ केलंय की माशांना खायला उरलं नाही. म्हणजे पाणी काचेसारखं दिसतं ते कौतुकाचं नाही, उपासमारीचं आहे. हे ऐकल्यापासून मला त्या निळ्या पाण्याचे फोटो काढायला थोडं जड जायला लागलं, पण काढले.

माशांवरून आठवलं, इथे शुक्रवारी फिश फ्राय खायची पद्धत आहे. जर्मन आणि पोलिश कॅथलिक लोकांची वस्ती, शुक्रवारी मांस नाही म्हणून मासे, ते आता सगळ्यांचंच झालंय. बिअर घातलेल्या पिठात बुडवून तळलेला कॉड, सोबत बटाट्याचे धिरड्यासारखे पॅनकेक, कोबीची कोशिंबीर आणि राय ब्रेडचा तुकडा. आता कोकणातल्या बाईला विचाराल तर कॉड म्हणजे पांढरा कापूस, मीठ लावून ठेवायचं यांना कोणी शिकवलंच नाही. पर्च मात्र चांगला, छोटा, गोडसर, काहीसा मुडदुशाकडे झुकणारा. मी विचारलं हा समोरच्याच तळ्यातला ना, तर नाही! या काठावरची पर्चची व्यावसायिक मासेमारी 1990 च्या दशकातच बंद झाली, मासाच कमी झाला म्हणून, आता येतो तो बहुतेक दुसरीकडून. घरापासून दहा मिनिटांवर एवढं पाणी आणि मासा बाहेरगावचा. तरी आम्ही जवळजवळ दर शुक्रवारी गेलो कारण ती गर्दी बघायला मजा येते, आजीपासून पाळण्यातल्या पोरापर्यंत सगळं खानदान एका टेबलाला, टेबलासाठी तासभर थांबतात आणि कोणी कुरकुरत नाही.

फ्रोझन कस्टर्ड खाल्लं, आइस्क्रीमच पण अंड्याचं पिवळं घातलेलं, जड आणि मऊ. उपासाला चालत नाही हे मला उशिरा कळलं, त्यावर जास्त बोलत नाही. चीज कर्ड, म्हणजे चीज करताना निघणारे छोटे गोळे, ताजे असले की दाताखाली कुईकुई वाजतात, वाजले नाहीत तर शिळे समजा. बिअर आम्ही पीत नाही त्यामुळे मिलर, पॅब्स्ट, श्लिट्झ याबद्दल माझ्याकडून काही अपेक्षा ठेवू नका.

आता माझ्या मुख्य विषयाकडे येते. मी 33 वर्षं सरकारी ऑफिसात टायपिंग केलंय, इंग्रजी चाळीस मराठी तीस, गोदरेजची मशीन, चार कार्बन घालून. क्लासात सर बोटांवर पुठ्ठा धरायचे आणि ए एस डी एफ जी एफ म्हणत महिनाभर तेच. तर मला आयुष्यात कोणी सांगितलं नव्हतं की ती बोटं मोडणारी अक्षरांची मांडणी या मिलवॉकीत जन्मली. ख्रिस्तोफर लॅथम शोल्स नावाचा वर्तमानपत्रवाला माणूस, त्याने इथे दोन साथीदारांबरोबर टाइपरायटर बनवला आणि 1868 साली पेटंट घेतलं, मग पुढची काही वर्षं कळा इकडून तिकडे हलवत बसला. 1874 मध्ये रेमिंग्टन कंपनीने तो बाजारात आणला, बंदुका बनवणारी कंपनी, आणि त्यात फक्त कॅपिटल अक्षरं उठायची. डाउनटाउनमध्ये स्टेट स्ट्रीटजवळ एक पाटी आहे, बास्केटबॉलच्या मोठ्या स्टेडियमच्या आसपास. कोणी बघत नाही, मॅच बघायला आलेले लोक तिला टेकून हॉट डॉग खातात. मी तिथे पंधरा मिनिटं उभी होते आणि लेक म्हणत होती आई चल ना थंडी वाजतेय.

मग कळलं की शोल्सला पुरलंयसुद्धा इथेच, फॉरेस्ट होम स्मशानात. आपल्याकडे फिरायला म्हणून स्मशानात कोण जातं, आमचे हे आलेच नाहीत, बाहेर गाडीत बसले. पण आत जुने ओक, टेकाडं, ऑक्टोबरच्या शेवटी सगळी पानं तांबडी-पिवळी, बाग म्हणावी अशी जागा. बिअरवाल्या श्रीमंतांचा तिथे एक वेगळा कोपरा आहे, पॅब्स्ट, ब्लाट्झ वगैरे, आणि श्लिट्झचं स्मारक आहे पण खाली श्लिट्झ नाही, तो 1875 मध्ये जहाज बुडून गेला आणि सापडलाच नाही. शोल्सच्या दगडाजवळ मी घरून नेलेलं फूल ठेवलं. लेकीने एक जुना फोटो मोबाइलवर काढून दाखवला, शोल्सची मुलगी लिलियन 1872 च्या सुमाराला बापाच्या मशीनवर बसलेली, ताठ पाठ, मनगटं वर. सर असते तर म्हणाले असते पोझिशन बरोबर.

शहराचा नकाशा बघून मला आधी वाटलं छपाईची चूक आहे. नदीवरचे पूल तिरके. झालं असं की नदीच्या दोन्ही काठांवर दोन वेगळी गावं होती, दोघांचं पटत नव्हतं आणि पश्चिमेकडच्याने मुद्दाम रस्ते असे आखले की पलीकडच्या रस्त्यांशी जुळू नयेत. 1845 मध्ये पुलांवरून खरीखुरी मारामारी झाली, पूल पाडले, आणि पुढच्याच वर्षी गावं एक होऊन शहर झालं. रस्ते मात्र रुसलेलेच राहिले, पूल तिरके टाकून जोडले. भावकीच्या बांधाची भांडणं बघितलेल्या माणसाला हे समजवावं लागत नाही.

तळ्याचा काठ जवळजवळ सगळा लोकांसाठी मोकळा आहे, मैलोनमैल बागा, चालायचे रस्ते, कुठे बंगलेवाल्यांनी कुंपण घातलंय असं फारसं दिसत नाही. याचं थोडं श्रेय समाजवादी महापौरांना देतात. हो, अमेरिकेत समाजवादी! 1910 मध्ये पहिला निवडून आला, मग डॅनियल होन 1916 पासून तब्बल 24 वर्षं. गटारं, नळ, दवाखाने, बागा यावर भर, म्हणून बाकीचे चिडवून "गटार समाजवादी" म्हणायचे. मी जिल्हा परिषदेत काम केलंय, मला ही शिवी वाटत नाही. तरी 1993 मध्ये याच शहरात नळाच्या पाण्यात क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा जंतू शिरला आणि सुमारे चार लाख लोक आजारी पडले, त्यानंतर ओझोनने पाणी शुद्ध करायची यंत्रणा बसवली. आम्ही सहा महिने थेट नळाचं पाणी प्यायलो, काही झालं नाही.

आर्ट म्युझियमबद्दल लिहिलं नाही तर लोक विचारतील. सांतियागो कालात्रावाने केलेली इमारत, 2001 ची, वर पक्ष्यासारखे पंख, टोकापासून टोकापर्यंत 217 फूट, सकाळी उघडतात, दुपारी बाराला एकदा मिटून परत उघडतात. पण वारा ताशी 23 मैलांच्या वर गेला की उघडतच नाहीत, आणि तळ्याकाठी वारा नसतो कधी? आम्हाला दोन खेपा फुकट गेल्या, तिसऱ्यांदा दिसले. ह्यांचं म्हणणं, एसटीच्या टायमिंगपेक्षा बरं. आत मी पाऊण तासात दमले, तुमचं तुम्ही बघा.

बसबद्दल दोन शब्द. डाउनटाउनमध्ये हॉप नावाची ट्राम फुकट आहे, बाकीकडे बस. मुलं ऑफिसला गेली की आम्ही बसने फिरायचो आणि बसमधून जे शहर दिसतं ते गाडीतून दिसत नाही. उत्तरेकडे गेलं की एका ठरावीक रस्त्यानंतर चेहरे बदलतात, दुकानं बदलतात, फळ्या मारलेली घरं दिसायला लागतात. काळ्या लोकांची वस्ती एकीकडे, गोऱ्यांची दुसरीकडे, इतकं सरळ कापल्यासारखं मला वाटलं नव्हतं. 1967-68 मध्ये घरं मिळण्यातला भेदभाव थांबावा म्हणून इथे सलग 200 रात्री मोर्चे निघाले, सोळाव्या स्ट्रीटच्या पुलावरून दक्षिणेकडे, ज्या दक्षिणेकडे आम्ही राहत होतो. लेकीच्या ओळखीतल्या आपल्या काही लोकांनी "तिकडे कशाला जाता" असं विचारलं. वाडीच्या वेशीबाहेर वस्ती ठेवणाऱ्यांच्या गावातून आलेले आपण, आपण काय उत्तर देणार. बसमध्ये मला जागा मात्र नेहमी त्याच लोकांनी दिली.

हिवाळा. याबद्दल जे ऐकलं असेल ते खरं आहे. डिसेंबरात सव्वाचारला दिवस मावळतो, दुपारचा चहा अंधारात. मला त्याचा थंडीपेक्षा जास्त त्रास झाला, संध्याकाळी दिवा लावायचा म्हणजे कधी तेच कळेना. उणे वीसच्या आसपास गेलं तेव्हा सकाळी तळ्यावर गेलो, तळं गोठलं नव्हतं, कडेला नुसते गोल गोल बर्फाचे घावन तरंगत होते आणि सगळ्या पाण्यावरून वाफ निघत होती, त्यातून सूर्य वर आला. ह्यांनी टोपी काढली. मी ओरडले, कान जातील! पण त्यांना काय वाटलं असेल ते मला कळलं. "तळ्याकाठी जरा गार" हे वाक्य तिथल्या हवामानाच्या बातम्यांत कायम असतं, पण ऑक्टोबरात उलट व्हायचं, पाणी उन्हाळ्याची ऊब धरून ठेवतं म्हणून रात्री काठावरच बरं वाटायचं.

आणि जानेवारीत मी पडले. फुटपाथवर बर्फ दिसतच नाही, काळा रस्ता ओला वाटतो आणि पाय गेला की गेला. मनगट मुरगळलं, हाड वाचलं. निघताना काढलेला ट्रॅव्हल इन्शुरन्स होता, त्यांनी आधी फोनवर हो हो केलं आणि बिल पाठवल्यावर म्हणाले हे आमच्या कलमात बसत नाही. तेव्हा आईवडिलांसाठी पॉलिसी घेताना स्वस्त बघू नका, कलमं वाचा, मी 33 वर्षं दुसऱ्यांची कलमं टाइप केली आणि स्वतःची वाचली नाहीत.

देवळासाठी पेवॉकीला जायचं, गाडीने अर्धा तास, हिंदू आणि जैन मंदिर एकाच आवारात. मराठी लोक भेटतात, दिवाळीत फराळ झाला, चकल्या कोणाच्या मऊ कोणाच्या कडक ती चर्चा पण झाली. किराणा इथे मिळतो, पण भरपूर हवं असेल तर शिकागोच्या डेव्हन अॅव्हेन्यूला एक चक्कर.

परत जाऊ का? हो, पण मे ते ऑक्टोबर, तेव्हा तळं पार करून मिशिगन राज्यात जाणारी फेरी चालू असते, अडीच तासांची, आणि मला तो पलीकडचा किनारा एकदा डोळ्यांनी बघायचाय. हिवाळ्यात जाणाऱ्यांनी कपडे तिथेच घ्यावेत, इथली "थंडीची" जाकिटं माथेरानपुरती. बुटांना खालून लावायचे रबरी काटे मिळतात ते पहिल्याच आठवड्यात घ्या. मला ते मी पडल्यावर शेजारच्या म्हाताऱ्या पोलिश बाईंनी आणून दिले, आणि परत द्यायला गेले तर घेतले नाहीत. आता ते आमच्या माळ्यावर आहेत, पावसाळ्यात जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ आलं की चालतात का बघायचंय.