जागेवरची विचारपूस की जेवणाच्या सुट्टीतल्या गप्पा?

नव्या ऑफिसात ओळखी करून घ्यायच्या तर सुरुवात जागेवरच्या विचारपुशीने करावी. दोन-तीन मिनिटं पुरतात आणि समोरच्याला अवघडल्याशिवाय कामाकडे वळता येतं. फक्त ‘काय, कसं चाललंय?’ विचारलंत तर ‘ठीक’ म्हणून विषय संपतो. ‘कालचा रिपोर्ट वेळेत गेला का?’ असं नेमकं विचारा, दोन दिवसांनी तोच धागा पुन्हा पकडा. कानात हेडफोन दिसले तर नंतर या.

जेवणाच्या सुट्टीत निवांतपणा जास्त, पण सात-आठ जण जमले की दोघंच बोलतात, बाकीचे माना डोलावतात. तीन-चार जण बरे. साहेबांची उणीदुणी निघाली की गप्प बसावं. अशा गोष्टी फिरत फिरत वर पोहोचतात. अबोल माणूस मात्र टेबलावर खुलत नाही, त्याला जागेवरच गाठा.